रोजच्या वापरातले इंग्लिश शब्द : अर्थ सरकले कसे?

शब्दयात्री

'टॉयलेट' हा शब्द मुळात कापडाच्या तुकड्याचा. फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणजे कापड आणि 'त्वालेत' म्हणजे छोटं कापड. सोळाव्या शतकात तो इंग्लिशमध्ये आला तेव्हा कपडे गुंडाळून ठेवायच्या फडक्याला टॉयलेट म्हणत. पुढे शृंगाराच्या मेजावर अंथरायचं कापड, मग त्या मेजावर मांडलेलं सामान, मग तिथे बसून केलेला साजशृंगार, मग तो जिथे करायचा ती खोली, आणि त्या खोलीला न्हाणीघर जोडलं गेलं तसं शेवटी शौचालय. एकाही टप्प्यावर कुणी बसून अर्थ बदललेला नाही. शब्द दर वेळी फक्त शेजारच्या वस्तूवर सरकला. 'टॉयलेटरीज'मध्ये साजशृंगाराचा मधला अर्थ अजून जिवंत आहे.

'ब्युरो'ची वाट जवळजवळ हीच. जाड्याभरड्या लोकरी कापडाला जुन्या फ्रेंचमध्ये 'ब्युरेल' म्हणत. ते लिहायच्या मेजावर अंथरत, म्हणून मेज ब्युरो झालं, मेज असलेली खोली ब्युरो झाली, खोलीत चालणारं खातं ब्युरो झालं. 'ब्युरोक्रसी'च्या तळाशी हे लोकरी कापड आहे.

'बोर्ड' तर आणखी पसरलेला. फळी हा मूळ अर्थ. फळीचं मेज झालं, मेजावर वाढलेलं जेवणही बोर्ड झालं (बोर्डिंगमध्ये राहणारा विद्यार्थी तिथे जेवतो, ते यामुळे), आणि मेजाभोवती बसून निर्णय घेणारी मंडळी म्हणजे संचालकांचं बोर्ड. जहाजाच्या कडेलाही बोर्ड म्हणत, म्हणून जहाजावर चढलेला माणूस 'ऑन बोर्ड'. फळी आणि वर्गातला फळा हे नातं मराठीतही आहेच.

हे सगळं लिहायचं कारण असं की शब्दकोशात एकाखाली एक अर्थ दिसले की आपण ती यादी समजून पाठ करतो. मला ती यादी प्रवासाची नोंद वाटते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्लिश कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकलं, ६४५ अर्थ असं २०११ मध्ये जाहीर झालं. इतके अर्थ कुणी पाठ केलेले नसतात, तरी बोलणारा अडखळत नाही. आपल्या 'लागणे'कडे बघा: भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, दार लागतं, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो. मुळाशी चिकटणं, जोडलं जाणं आहे, आणि तिथून सगळ्या वाटा फुटल्या आहेत.

एक सावधगिरी मात्र लागते. सारखे दिसणारे सगळे अर्थ एकाच शब्दाचे असतात असं नाही. 'बार्क' घ्या. कुत्र्याचं भुंकणं जुन्या इंग्लिशमधून आलं, झाडाची साल उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आली, आणि बार्क नावाचं शिडाचं जहाज लॅटिनमधून. तीन वेगळी माणसं, नाव एक. भुंकण्यातून सालीपर्यंत जाणारी गोष्ट रचायला बसलं तर ती रचता येईलही, पण खोटी असेल.

तुम्हाला माहीत असलेले असे शब्द लिहा. नुसता अर्थ नको, तो तिथपर्यंत कसा पोचला हेही लिहा.

निळी शाई

धागा फार आवडला. मी इंग्लिश शिकवते, त्यामुळे माझ्याकडे पहिला मान 'नाइस'ला. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'नीस' झाला, अर्थ मूर्ख. इंग्लिशमध्ये १३०० च्या आसपास आला तेव्हाही मूर्खच. मग बुजरा, मग नको तितका चोखंदळ, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात छान, सुखद. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, बारीक फरक, हे उताऱ्यात आलं की मुलं हमखास अडतात. तिथे काटेकोरपणाचा जुना अर्थ उभा असतो.

'सिली' नेमका उलट दिशेने गेला. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा पूर्वज म्हणजे सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मनमधला 'झेलिग' आजही तोच अर्थ धरून आहे. इंग्लिशमध्ये मात्र कृपा असलेला तो निष्पाप, निष्पाप तो दुबळा आणि कीव करण्याजोगा, आणि दुबळा तो अक्कल नसलेला, अशी उतरण झाली. हा क्रम शिकवताना मला दर वेळी वाईट वाटतं. निष्पाप माणसाला जग काय समजतं ते त्यात दिसतं.

'गर्ल' हा शब्द सुरुवातीला मुलगा-मुलगी दोघांनाही चालायचा. 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न, म्हणून मिठाईला 'स्वीटमीट'. 'स्टार्व्ह' म्हणजे नुसतं मरणं, जर्मनमध्ये 'श्टेर्बेन' अजून तेच सांगतो. इंग्लिशमध्ये ते भुकेने मरण्यापुरतं आणि पुढे नुसत्या भुकेपुरतं आक्रसलं. आणि 'डिअर', म्हणजे आजचं हरीण, हा आधी कुठलाही पशू. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदरांनासुद्धा 'स्मॉल डिअर' म्हटलेलं आहे.

शब्दयात्री

निळी शाई, 'डिअर'साठी तुमचे आभार, कारण त्याचा जुळा भाऊ आपल्याकडे आहे. संस्कृतात 'मृग' म्हणजे आधी कुठलाही रानटी पशू. म्हणून सिंह मृगराज, माकड शाखामृग आणि शिकार मृगया. नंतर तो हरणापुरता उरला. दोन भाषा, एकमेकींपासून हजारो मैल लांब, आणि दोन्हीकडे 'पशू'चा अर्थ हरणावर येऊन थांबला. शिकार करणाऱ्याच्या तोंडी 'जनावर' म्हणजे त्याला हवं असलेलं जनावर, एवढं साधं कारण दोन्हीकडे पुरतं.

'सिली'लाही जोड आहे. अशोकाच्या शिलालेखांत 'देवानांप्रिय' ही राजाची पदवी आहे. पुढच्या संस्कृतात हाच शब्द मूर्ख या अर्थाने वापरला गेला. आणि 'नाइस'सारखा वर चढलेला शब्द हवा असेल तर 'साहस'. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा. आज आपण साहसासाठी पुरस्कार देतो.

चौसष्ट घरं

वाचनखूण साठवली. मला बुद्धिबळामुळे पडलेला जुना प्रश्न: पटावरचा 'चेक', शर्टाच्या कापडावरचे 'चेक्स', बँकेतला 'चेक' आणि 'जरा चेक कर'मधला चेक. हे बार्कसारखे वेगवेगळे आहेत की एकाच घरातले? मला तरी यांच्यात काही समान दिसत नाही.

शब्दयात्री

एकाच घरातले, चारही. या शब्दावर मी तासभर बोलू शकतो, तेव्हा थोडं मोठं लिहितो.

फारसीत राजा म्हणजे शाह. चतुरंग हा खेळ इथून इराणात गेला, तिथे चतरंग झाला, अरबांकडे शतरंज झाला. राजावर हल्ला झाला की समोरच्याला सावध करायला 'शाह!' असं म्हणायची रीत होती. ही हाक अरबी आणि लॅटिनमधून जात जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाली आणि इंग्लिशमध्ये 'चेक'. त्याच शब्दाच्या अनेकवचनातून खेळाचं नाव 'चेस' निघालं. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात', राजा निरुपाय झाला. आपण मराठीत 'शह' देतो आणि 'मात' करतो, ते हेच दोन शब्द. म्हणजे 'चेक' आणि 'शह' हे एकाच फारसी शब्दाचे दोन अवतार आहेत, एक युरोपाला वळसा घालून आलेला आणि एक सरळ.

आता अर्थ कसे सरकले ते बघा. शह बसला की राजाची चाल अडते. म्हणून चेक म्हणजे अडवणं, लगाम घालणं; 'कीप इन चेक'मध्ये हा अर्थ आहे. लगाम ठेवायचा तर नजर ठेवावी लागते, ताडून बघावं लागतं, म्हणून चेक म्हणजे तपासणं.

दुसरी वाट पटावरून निघते. फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिये' म्हणत. त्याच्या चौकटी कापडावर आल्या ते चेक्स. आणि बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला जे मेज वापरत त्यावर असंच चौकटीचं कापड असे. त्यावरून तिथल्या खजिन्याच्या खात्याचं नाव पडलं 'एक्स्चेकर'. हे मेज कसं होतं हे आपल्याला नक्की कळतं, कारण त्या खात्यातला अधिकारी रिचर्ड फिट्झनील याने ११७७ च्या सुमारास त्याचं वर्णन लिहून ठेवलं: सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, वर काळं कापड आणि त्यावर आखलेले पट्टे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं कठीण, म्हणून रकान्यांत सोंगट्या सरकवून हिशेब होई. राजाचा अधिकारी एका बाजूला, पैसे भरायला आलेला शेरीफ समोर. बघणाऱ्याला हा डावच वाटत असणार.

बँकेतला चेक सर्वांत धाकटा. अठराव्या शतकात पैसे देण्याच्या हुकमाची जी स्थळप्रत मागे राहायची, ती खोटेपणाला 'चेक' म्हणून, म्हणजे ताडून बघायला. मग नाव स्थळप्रतीवरून खुद्द कागदावर आलं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी जे 'क्यू-यू-ई' येतं ते एक्स्चेकरच्या प्रभावाने. अमेरिकेत अजूनही ते तपासण्याच्या चेकसारखंच लिहितात.

आणखी मागे जायचं तर 'शाह'चं मूळ जुन्या फारसीतल्या राज्य करणे या अर्थाच्या धातूत आहे, आणि आपला 'क्षत्रिय' त्याच धातूच्या संस्कृत भावंडापासून आला आहे.

जमाखर्च

एक्स्चेकरचा विषय निघालाच आहे तर माझी भर. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं, त्यामुळे हे शब्द जवळचे आहेत.

त्या मेजावर हिशेब झाला की पावती म्हणून लाकडी काठी देत. तिचं नाव 'टॅली'. रकमेप्रमाणे काठीवर कमी-जास्त रुंदीच्या खाचा करायच्या आणि काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही तुकड्यांवर येतात. मोठा तुकडा पैसे देणाऱ्याकडे, त्याला 'स्टॉक' म्हणत. लहान तुकडा घेणाऱ्याकडे, तो 'फॉइल'. पुढे वाद झाला तर दोन तुकडे जुळवून बघायचे. लाकडाच्या रेषा जुळायला हव्यात, त्यामुळे खाडाखोडीची सोयच नाही. हिशेब 'टॅली होतो' असं आपण रोज म्हणतो, त्यातलं चित्र हे आहे.

'टॅली' आला लॅटिन 'तालेआ'वरून, म्हणजे कापलेली फांदी. त्याच कुळात कापड कापणारा 'टेलर', तुकडे करून विकणं ते 'रिटेल', आणि बारीक तुकडे ते 'डीटेल'.

या काठ्या १८२६ पर्यंत वापरात होत्या. नंतर साठलेला ढीग जाळून टाकायचं ठरलं. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लंडनच्या संसदेच्या तळघरातल्या भट्टीत घातल्या, आग हाताबाहेर गेली आणि वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा जवळजवळ सगळा जळाला. आज चित्रांत दिसते ती संसदेची इमारत त्यानंतरची.

पुरावा कुठाय

सगळे प्रतिसाद वाचले, उत्तम चाललं आहे. एक आग्रह धरतो. व्युत्पत्तीच्या नावाखाली ज्या गोड गोष्टी फिरतात त्यांना पहिला प्रश्न विचारायला हवा: हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडतो, आणि तुमची गोष्ट पहिल्यांदा कधी सापडते?

'पॉश'ची गोष्ट घ्या. म्हणे इंग्लंडहून भारताकडे येणारे श्रीमंत प्रवासी जाताना जहाजाच्या डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत, कारण ती बाजू उन्हापासून वाचलेली. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' ही चार आद्याक्षरं तिकिटावर छापत आणि त्यावरून पॉश. उन्हाचा हिशेब बरोबर आहे, आद्याक्षरं बरोबर आहेत, फक्त असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द करायची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली. जुन्या शब्दाला कुणी आद्याक्षरांची गोष्ट चिकटवली की मी तिथेच थांबतो.

'सिन्सिअर' म्हणजे मेण न लावलेला, मूर्तिकार भेगा मेणाने बुजवत त्यावरून, ही दुसरी. लॅटिनमध्ये 'सिनकेरुस' म्हणजे निर्भेळ, स्वच्छ. मेणाला आधार नाही. 'सॅलरी'चं प्रकरण जरा बारकाईने बघायला हवं. लॅटिन 'सालारियुम'चं मिठाशी, म्हणजे 'साल'शी नातं खरं आहे. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच वाटत, हे सांगणारा समकालीन पुरावा नाही. नातं खरं, गोष्ट नंतर रंगवलेली.

याउलट 'ओके'. ऐकायला ही सर्वांत अविश्वसनीय गोष्ट, पण पुरावा भक्कम. १८३० च्या दशकात बॉस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची फॅशन होती. 'ऑल करेक्ट' हे दोन शब्द 'ओ' आणि 'के' अक्षरांनी सुरू करून लिहायचे, म्हणून ओके. २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते छापलेलं आहे. त्या फॅशनमधले बाकीचे शब्द विरून गेले. हा टिकला, कारण पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांना तो सापडला: त्यांचं गाव किंडरहुक, टोपणनाव 'ओल्ड किंडरहुक', तेही ओके. अॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रं चाळून १९६० च्या दशकात हे सगळं बाहेर काढलं. तोवर ओकेच्या कितीतरी कहाण्या लोक ठामपणे सांगत होते.

शब्दयात्री

पूर्ण सहमत. आणि 'पहिली नोंद कधी' हा प्रश्न आज आपण विचारू शकतो तो असंख्य अनाम वाचकांमुळे. ऑक्सफर्ड कोशाची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत पुढे आली. जुनी पुस्तकं वाचायची, शब्द आणि त्याचं वाक्य तारखेसह चिठ्ठीवर उतरवायचं आणि पाठवायचं, असं आवाहन केलं गेलं. लोकांनी लाखो चिठ्ठ्या पाठवल्या, एक पैसा न घेता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. संपादक जेम्स मरे तो पूर्ण झालेला बघायला राहिले नाहीत. एखाद्या शब्दाखाली सन दिसतो तेव्हा मागे अशी एखादी चिठ्ठी असते, हे आठवलं की मला तो कोश उघडताना फार कृतज्ञ वाटतं.

नाडीपरीक्षा

आमच्या क्षेत्रातले थोडे शब्द.

'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये 'छोटा उंदीर'. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. 'माउस' आणि आपला 'मूषक' हे सख्खे, त्यामुळे आपल्या दंडातही मूषकच आहे म्हणा.

'क्वारंटीन' व्हेनिसच्या बोलीतून, चाळीस दिवस. प्लेगच्या काळात आलेलं जहाज तेवढे दिवस बाहेर थांबवत. त्याआधी १३७७ मध्ये रागुझाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, तीस दिवसांचा नियम केला होता. तीसाचे चाळीस झाले आणि नाव चाळिसाचं राहिलं. आता कुणी पाच दिवस वेगळं राहिलं तरी क्वारंटीनच.

पण मला मनापासून आवडतो तो 'प्युपिल'. विद्यार्थी आणि डोळ्यातला काळा ठिपका, दोन्ही प्युपिल. लॅटिन 'पूपा' म्हणजे मुलगी, बाहुली. 'पूपिल्ला' म्हणजे छोटी बाहुली, आणि अनाथ, दुसऱ्याच्या आश्रयाला असलेली मुलगीही. आश्रयाला असलेल्या मुलाचा पुढे शिकणारा मुलगा झाला. आणि डोळा? कुणाच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, ती बाहुली. आपण मराठीत काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! संस्कृतात 'कनीनिका', तिचाही अर्थ बुबुळ आणि लहान मुलगी. ग्रीकमध्ये 'कोरे', पुन्हा मुलगी. रोग्याचे डोळे तपासताना हा शब्द मनात येतोच.

खिडकीपाशी

बाहुलीवरून आठवलं. 'विंडो' हाही डोळाच आहे! नॉर्समध्ये 'विंडआउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. काच नसलेलं, वारा येणारं भोक. त्याआधी इंग्लिशमध्ये जो शब्द होता त्याचाही अर्थ डोळ्यासारखं भोक असाच होता. आणि आपलं 'गवाक्ष' म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. 'वातायन'मध्ये वारा आला. नॉर्सवाल्यांनी वारा आणि डोळा दोन्ही एका शब्दात घेतले, संस्कृतात ते दोन शब्दांत वाटले गेले. 'डेझी' हे फूलही 'दिवसाचा डोळा', सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं म्हणून.

कलम पोटकलम

वकिली कागदांत असे शब्द फार सांभाळावे लागतात. पासपोर्टच्या सुरुवातीला विनंती असते की धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं. 'लेट' म्हणजे तर परवानगी देणं, मग परवानगीशिवाय जाऊ द्या असं कसं? इथे 'लेट' म्हणजे अडथळा. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून योग्य जागी पडली की 'लेट' पुकारतात, तोही अडथळ्याचाच.

'सँक्शन' तसाच. बँकेने कर्ज सँक्शन केलं म्हणजे मंजूर. एखाद्या देशावर सँक्शन्स लावली म्हणजे निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. करारात हे शब्द आले की मी शक्यतो बदलून घेतो.

आणि एक खास: 'कॅन्सल'. लॅटिन 'कांकेल्ली' म्हणजे जाळी, गजांचं कठडं. लिहिलेला मजकूर रद्द करायचा तर त्यावर आडव्या-तिरप्या रेघा मारत, जाळीसारख्या, ते कॅन्सल. आणि रोमन न्यायालयात त्या कठड्यापाशी उभा राहणारा शिपाई म्हणजे 'कांकेल्लारियुस'. तोच चढत चढत 'चॅन्सेलर' झाला. विद्यापीठाचा कुलपती आणि रद्द केलेलं तिकीट एकाच जाळीतून आले आहेत.

शब्दयात्री

तुमच्या उदाहरणांत दोन्ही प्रकार आले. 'लेट' बार्कसारखा: जुन्या इंग्लिशमध्ये परवानगीचं क्रियापद वेगळं, अडवण्याचं वेगळं, काळाच्या ओघात उच्चार एक झाला. 'क्लीव्ह'चंही तसंच, चिरण्याचा वेगळा आणि चिकटण्याचा वेगळा. 'सँक्शन' मात्र एकच शब्द आहे. मूळ अर्थ पवित्र ठरवून केलेला कायदा. कायदा मान्यता देतो आणि मोडला तर शिक्षाही करतो, म्हणून एकाच खोडाला दोन उलट फांद्या.

'फास्ट' याहून सुंदर. मूळ अर्थ घट्ट, पक्का. रंग न जाणाऱ्या कापडाला 'फास्ट कलर' म्हणतात तो हा. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, हलणार नाही असा. उपवासाला 'फास्ट' म्हणतात कारण तिथे नियम घट्ट धरायचा असतो. तो सकाळी मोडला की 'ब्रेकफास्ट'. आणि वेगवान? 'घट्ट पाठलाग करणे', म्हणजे अंतर न सोडता मागे लागणे, यातून जोर आला आणि जोरातून वेग. न हलणारा आणि पळणारा, दोन्ही फास्ट.

तिसरा पंच

क्रिकेटकडून एक. 'अंपायर'च्या सुरुवातीला आधी 'न' होता. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जोडीत न बसणारा, दोघांच्या वादातला तिसरा. इंग्लिशमध्ये 'नूंपेर' आला. पण इंग्लिशमध्ये स्वरापुढे 'अॅन' आणि व्यंजनापुढे 'अ' लागतो ना? 'अ नूंपेर' भराभर म्हणताना 'न' पुढच्या शब्दाचा की मागचा हे ऐकणाऱ्याला कळेना, आणि तो 'अॅन'ला जाऊन चिकटला. 'नॅप्रन'चा 'एप्रन' असाच झाला, नॅपकिनमध्ये मूळचा 'न' शिल्लक आहे. 'अॅडर' हा साप पूर्वी 'नॅडर' होता. उलटही घडलं: 'एकनेम' म्हणजे जोडनाव, त्याने शेजारचा 'न' उचलला आणि 'निकनेम' झाला.

'ऑरेंज'चा 'न'ही गळला आहे, संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज'. स्पॅनिशने तो राखला. इंग्लिशच्या हाती शब्द आला तेव्हा तो गळून झालेला होता, हे काम आधीच्या भाषांत झालं.

निळी शाई

या 'न'च्या प्रतिसादाने उद्याचा तास ठरला! एक शेवटचं विचारते, कारण विद्यार्थी दर वर्षी विचारतात. 'गूस'चं अनेकवचन 'गीज', मग 'मंगूस'चं 'मंगीज' का नाही?

शब्दयात्री

कारण तो शब्द आपला आहे. मराठी 'मुंगूस' सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश प्रवाशांच्या लिखाणात पोचला. 'गूस' ओळखीचा असल्यामुळे शेवटचं स्पेलिंग त्याच्यासारखं झालं, पण बदकाच्या त्या नातलगाशी मुंगसाचा काही संबंध नाही. 'गूस-गीज', 'फूट-फीट', 'टूथ-टीथ' हा स्वरबदल इंग्लिशच्या जन्माआधीच्या काळातला, जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्लिश आणि जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळातल्या शब्दांपुरता. उशिरा आलेल्या पाहुण्याला तो लागू होत नाही, म्हणून सरळ 'मंगूसेस'. 'मंगीज' कधीमधी लिहिलेला सापडतो, पण प्रचलित रूप हेच.

मुलांना 'मूस'ही सांगा, म्हणजे ते थोराड हरीण. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषांतला शब्द, म्हणून त्याचंही 'मीस' होत नाही. एक असो की दहा, 'मूस'च.